पुढच्या शॉकअपमध्ये तेल कोणतं घालावं?



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी फोन करून विचारलं, "सर, विषय छापताना काही चुकलंय का?" चुकलेलं नाही. चाळीसेक वर्षं मी तत्त्वज्ञान शिकवलं आणि त्याहून जास्त वर्षं मोटारसायकल चालवली. पहिल्या उद्योगात माझ्या चुकीने कुणाचं हाड मोडलं नाही. दुसऱ्यात मोडलं. म्हणून आज तेलावर बोलायचं.

आधी प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वीचा, पावसाळ्यातला, ताम्हिणी घाटातला. गाडी साडेतीनशे सीसीची, अंगाने भरलेली. पुढचा ब्रेक दाबला की तिचं तोंड खाली जायचं. मला ते आवडेना. ओळखीच्या मेकॅनिकला म्हटलं, "पुढच्या शॉकअपमध्ये जरा जाड तेल टाक." त्याने टाकलं. कोणतं टाकलं हे मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. गॅरेजच्या दारात हँडल धरून दोनदा दाबून पाहिलं, एकदम भारदस्त वाटलं. मी खूश. पुढच्या रविवारी घाटात, ओल्या वळणावर, एकामागून एक चार-पाच खड्डे आले. पहिला झेपला. दुसरा मनगटांत बसला. तिसऱ्या-चौथ्याला पुढचं चाक रस्त्यावर टेकायलाच तयार नाही. वेग फार नव्हता, पण वळणावर चाक टेकलेलं नसेल तर वेग विचारतो कोण? मागे आमच्या सौ. बसल्या होत्या. मला खरचटलं, त्यांचं मनगट मोडलं.

घरी आल्यावर मी विचार करायला लागलो की मी नेमकं काय मागितलं होतं. आणि लक्षात आलं, मागणीच चुकीच्या माणसाकडे केली होती. माणसाकडे म्हणजे मेकॅनिककडे नव्हे, तेलाकडे. ते कसं, हे समजायला शॉकअपच्या आत डोकावू या.

पुढचा शॉकअप, म्हणजे ज्याला फोर्क म्हणतात तो, मुळात एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. आत एक लांब स्प्रिंग, थोडं तेल आणि वर उरलेल्या जागेत हवा. स्प्रिंग, तेल, हवा, तिघांची कामं वेगळी आहेत. गाडीचं आणि आपलं वजन तोलून धरते ती स्प्रिंग. तेल वजन तोलत नाही. हे वाक्य जरा मनात ठेवा, कारण निम्मा घोळ इथेच होतो. खड्डा आला की स्प्रिंग दबते, म्हणजे ती शक्ती साठवते. साठवलेलं ती परत देणारच, नुसती स्प्रिंग असती तर गाडी खेळण्यातल्या घोड्यासारखी वरखाली होत राहिली असती. तेल बारीक भोकांतून ढकललं जातं, त्यात ती शक्ती खर्ची पडून तिची उष्णता होते. स्प्रिंग साठवते, तेल खर्च करतं. हवेचं नंतर सांगतो.

जुन्या गाड्यांना तेलाचे फोर्क नव्हते. गर्डर फोर्क असत, त्यांत चकत्या एकमेकींवर घासून उसळी मारायची सोय असे, आणि त्या चकत्या आवळायला एक चक्री. तेलाने उसळी आवरणारा दुर्बिणीसारखा फोर्क कारखान्यातून विक्रीला आला तो १९३५ साली, बीएमडब्ल्यूच्या आर-१२ आणि आर-१७ या गाड्यांवर. घासणाऱ्या चकत्या आणि तेल यांत फरक काय? चकती वेग बघत नाही. गाडी हळू हलो की जोरात, ती तेवढाच विरोध करते. उलट हलायला सुरुवात करतानाच तिचा विरोध सगळ्यात जास्त. तेलाचं तसं नाही. फोर्क स्थिर असेल तर तेलाचा विरोध शून्य. हललाच तर जितका जोरात, तितका विरोध. तेल वेगालाच उत्तर देतं.

आता माझ्या मागणीकडे या. ब्रेक दाबल्यावर तोंड खाली जातं, कारण वजन पुढच्या चाकावर येतं. तुम्ही ब्रेक दाबून धरलात तर फोर्क किती खाली जाऊन थांबेल? हे स्प्रिंग ठरवते, थोडं हवा ठरवते. थांबला म्हणजे वेग शून्य, आणि वेग शून्य तर तेलाचं म्हणणं काहीच नाही. तेल फक्त एवढंच ठरवतं की तिथपर्यंत पोचायला किती वेळ लागेल. मी 'किती' हे बदलायला गेलो आणि 'किती वेळात' ची वस्तू बदलून आलो. गॅरेजच्या दारात ते कळणं शक्यच नव्हतं, कारण हाताने दाबताना आपण क्षणभरच दाबतो.

बरं, पण जाड तेलाने घाटात चाक का उचललं? तुमच्या-आमच्या बहुतेक साध्या गाड्यांत फोर्कच्या आत एक उभी पोकळ दांडी असते, तिला ठरावीक मापाची भोकं. तेल त्या भोकांतून जातं. अशा भोकांतून तेल जोरात जायला लागलं की विरोध वेगाच्या वर्गाच्या हिशेबात वाढतो. वेग दुप्पट तर विरोध जवळजवळ चौपट. म्हणजे या रचनेचा स्वभावच असा की हळू हालचालीत ती मऊ आणि धारदार खड्ड्यावर कडक. आपल्याला हवं असतं नेमकं उलट. कारखान्यातले लोक भोकांचं माप, स्प्रिंग आणि तेल यांची एक तडजोड बसवून देतात. त्यात मी जाड तेल ओतलं की ती तडजोड बिघडते आणि धारदार खड्ड्यावर फोर्क लाकडासारखा होतो.

दुसरी गोष्ट याहून वाईट. जाड तेल दबताना विरोध करतं तसं परत वर येतानाही करतं. पहिल्या खड्ड्यात फोर्क दबला, तो पुरता वर येण्याआधीच दुसरा खड्डा आला, आणखी दबला, तिसऱ्याला आणखी. चौथ्या खड्ड्यापर्यंत फोर्क तळाशी जाऊन बसलेला असतो, दबायला जागाच नाही. आणि खड्ड्याच्या पलीकडे चाकाने खाली जाऊन रस्ता पकडायला हवा, तर तेल त्याला जाऊ देत नाही. एकेकटा खड्डा पार होतो, रांगेत आले की गाडी हातातून जाते. माझे चार-पाच होते.

उलट बाजूही सांगून टाकतो. तेल फार पातळ झालं तर फोर्क उसळतो, गतिरोधकावरून गेल्यावर दोन-तीनदा डोलतो. तेही धोक्याचं. पण डोलणं दिसतं, जाणवतं, माणूस दुरुस्तीला जातो. कडकपणाला मात्र लोक 'भक्कम' म्हणतात, आणि तिथे फसतात.

आता दुकानात जाऊ या. बाटलीवर लिहिलेलं असतं ५डब्ल्यू, १०डब्ल्यू, १५डब्ल्यू. आपण समजतो की हे माप आहे, जसं किलो, जसं लिटर. पण १०डब्ल्यू हे माप नाही. हा डब्ल्यू विंटरचा, म्हणजे हिवाळ्याचा. अमेरिकेतल्या एसएई या संस्थेचं इंजिन ऑइलसाठी जे३०० नावाचं मानक आहे, त्यातून तो आला. त्यात १०डब्ल्यू कोणाला म्हणायचं? उणे २५ अंश सेल्सिअसला इंजिन फिरवून सुरू करताना तेल अमुक इतक्यापेक्षा घट्ट नसावं, ही त्याची एक अट. ५डब्ल्यूला हीच कसोटी उणे ३० अंशांवर. सोलापूरच्या माणसाने याचं काय करायचं, सांगा! (हशा) आणि हे मानक आहे इंजिनच्या तेलाचं. फोर्कच्या तेलाला ते लागूच नाही. कंपन्यांनी ओळखीचे आकडे उचलून आपापल्या बाटल्यांवर आपापल्या समजुतीने लावले.

मग पाहायचं काय? श्यानता. शब्द जड आहे, अर्थ साधा: वाहायला तेल किती नाखूश आहे. तिचं एक माप सेंटिस्टोक. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स या भौतिकशास्त्रज्ञाचं नाव त्याला दिलंय. २० अंशांचं पाणी साधारण १ सेंटिस्टोक. फोर्कच्या तेलाची श्यानता ४० अंशांवर मोजून कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेली असते, आणि इंटरनेटवर ते पत्रक सहसा मिळतं. ती पत्रकं शेजारी ठेवून वाचा. १०डब्ल्यू नावाची तेलं तिशीच्या सुरुवातीपासून चाळिशीच्या शेवटापर्यंत कुठेही सापडतात. म्हणजे दोन बाटल्यांवर नाव एक, आणि आतलं द्रव्य एकमेकांच्या दीडपट! ५डब्ल्यूचीही तीच कथा. एका कंपनीचं १०डब्ल्यू काढून दुसरीचं १०डब्ल्यू घातलं आणि गाडी बदलली असं कुणी म्हणालं, तर त्याला मनाचे खेळ म्हणू नका. तो खरं सांगतोय.

आमच्या न्यायशास्त्रात लक्षणाचे तीन दोष सांगतात: अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. गाईचं लक्षण 'शिंगं असणं' असं केलं तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. 'तांबूस रंग' केलं तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. 'एक खूर असणं' केलं तर एकही गाय उरत नाही, हा असंभव. बाटलीवरच्या १०डब्ल्यूला पहिले दोन्ही दोष आहेत. नको ती तेलं आत येतात, हवी ती बाहेर राहतात. चाळीस अंशांवरचे सेंटिस्टोक हे त्या मानाने बरंच नेटकं लक्षण आहे.

बरंच म्हटलं, पुरतं नाही. कारण तापमान. तेल तापलं की पातळ होतं हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. ४० अंशांवर ३२ सेंटिस्टोक असलेलं साधं खनिज तेल २० अंशांवर दुपटीहून दाट असतं आणि १०० अंशांवर पाच-सहावर येतं. महाबळेश्वरची डिसेंबरातली सकाळ आणि चंद्रपूरची मे महिन्यातली दुपार, यांत एकच तेल दोन तेलं होतात. हा बदल किती होतो ते सांगणारा आकडा म्हणजे श्यानता निर्देशांक. तो १९२९ साली डीन आणि डेव्हिस या दोघांनी बसवला. तेव्हा पेनसिल्व्हेनियाच्या चांगल्या तेलाला त्यांनी १०० दिले आणि गल्फ किनाऱ्याच्या तेलाला शून्य. आज चांगल्या फोर्क ऑइलचा निर्देशांक शंभराच्या बराच वर असतो. जितका जास्त, तितकं तापमानाने कमी बदलणारं. दोन तेलांचे सेंटिस्टोक सारखे असतील तर निर्देशांक जास्त असलेलं घ्या.

मग माझ्या फोर्कमध्ये काय होतं? नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, इंजिनचं २०डब्ल्यू-४०. गॅरेजात तेच पिंपात असतं, तेच ओतलं जातं. ४० अंशांवर त्याची श्यानता शंभराच्या वर असते. कंपनीने ज्या तेलावर ती भोकं बेतली होती, त्याच्या दुप्पट-तिप्पट. मेकॅनिकला मी दोष देत नाही. मी जाड मागितलं, त्याने जाड दिलं. शिवाय इंजिन ऑइलमध्ये काजळी धरून ठेवणारी रसायनं असतात, त्यांचं फोर्कमध्ये काही काम नाही. फोर्कला हवं ते फेस न धरणारं तेल. आत तेल आणि हवा सतत घुसळली जातात, अगदी ताकासारखी. फेसाळलेलं तेल भोकातून गेलं तरी विरोध करत नाही, कारण त्यातली हवाच दबते.

गियरबॉक्सचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल चालतं का, असं विचारतात. अनेक जुन्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये तेच लिहिलेलं होतं. त्यातल्या नेहमीच्या प्रकारांची श्यानता पस्तिशीच्या आसपास असते. तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल तर निर्धास्त घाला. ब्रेक ऑइल मात्र चुकूनही नको. नाव ऑइल असलं तरी ते खनिज तेल नाही, आणि फोर्कच्या रबरी सीलना ते फुगवून नासवतं.

काही गाड्यांत भोकांच्या दांडीऐवजी कार्ट्रिज असतं, म्हणजे पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा, ज्या वेगाप्रमाणे वाकतात आणि वाट मोकळी करतात. धारदार खड्ड्यावरचा कडकपणा त्यामुळे बराच कमी होतो. या झडपा पातळ तेलावर बेतलेल्या असतात. तिथे १५ किंवा २० नावाचं तेल घालणं म्हणजे महागडं यंत्र घेऊन त्यात बूच मारणं. एक सूचना: हल्ली उलटे फोर्क दिसतात, जाड नळी वर, बारीक खाली. फोर्क उलटा आहे म्हणजे आत कार्ट्रिज असेलच असं नाही. रूप आणि स्वरूप यांत गल्लत करू नका.

आता हवेचं. सगळे विचारतात तेल कोणतं. किती, हे कुणी विचारत नाही. खरं तर किती हा प्रश्न तेवढाच मोठा आहे. तेलाच्या वर उरलेली हवा फोर्क दबल्यावर कोंडली जाते. आकारमान निम्मं तर दाब दुप्पट, हे बॉइलने सतराव्या शतकात सांगून ठेवलंय. समजा फोर्क पूर्ण उघडा असताना हवेचा स्तंभ २८० मिलिमीटर आहे आणि पूर्ण दबल्यावर १५०. दाब दुपटीच्या किंचित आत राहतो. आता तेलाची पातळी ५० मिलिमीटर वाढवली तर २३० वरून १००, म्हणजे सव्वादोनपटीच्या वर. नळीच्या जाडीचा हिशेब मी सोडलाय, पण रोख लक्षात आला असेल. गंमत अशी की सुरुवातीच्या प्रवासात हा फरक जेमतेम जाणवतो, शेवटच्या टप्प्यात भरपूर. म्हणजे ब्रेक मारल्यावर फोर्क तळाला आपटत असेल तर जाड तेलापेक्षा पातळी थोडी, पाच-दहा मिलिमीटरने, वाढवून बघणं जास्त शहाणपणाचं. फार वाढवाल तर हवेला जागाच उरणार नाही आणि सील फुटेल.

ही पातळी मोजायची कशी? स्प्रिंग बाहेर काढायची, नळी दहा-पंधरा वेळा वरखाली करून अडकलेली हवा घालवायची, फोर्क पूर्ण दाबून उभा धरायचा आणि नळीच्या तोंडापासून तेलापर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. दोन्ही पायांत सारखं. नुसते मिलिलिटर मोजून ओतलं तर फसगत होते, कारण जुनं तेल कधी पुरतं निथळत नाही, आत थोडं राहतंच.

म्हणून कुणी मला विचारलं की तेल कोणतं घालू, तर मी आधी विचारतो, शेवटचं कधी बदललं होतं? फोर्कच्या तेलाला फिल्टर नसतो. बुशांची झीज, सीलमधून आलेली माती, ओल, सगळं त्यातच फिरत राहतं. इंजिन ऑइल आपण आठवणीने बदलतो आणि हे तेल सील गळेपर्यंत आत तसंच असतं. बाहेर येतं तेव्हा करडं असतं आणि वास सांगवत नाही. अशा तेलावरून गाडीचा निवाडा करू नये. आधी मॅन्युअलमधल्या दर्जाचं ताजं तेल, सांगितलेल्या पातळीपर्यंत. टायरमधली हवा बघायची. हँडलचा कोनसेट सैल नाही ना, बघायचं. मग त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, त्याच वजनाने चालवायची. बहुतेकांचा प्रश्न इथेच संपतो.

नाही संपला तर एका वेळी एकच गोष्ट बदला. आमच्याकडे याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात: हे असताना ते असतं, हे नसताना ते नसतं, तेव्हाच त्यांचा संबंध. तेल, पातळी आणि टायर एका दमात बदललंत तर सुधारणा कशाने झाली हे तुम्हाला कधीच कळणार नाही. मी वहीत लिहून ठेवतो. तेल बदलायचंच ठरलं तर सेंटिस्टोकमध्ये लहान पाऊल टाका. मधलं तेल हवं असेल तर एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतली दोन तेलं मिसळता येतात. फक्त निम्मं-निम्मं मिसळलं की बरोबर मधला आकडा येत नाही, किंचित पातळाकडे झुकतो.

आता प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून: माझं वजन पंचाण्णव किलो आहे. मी जाड तेल घालावं ना?)

नाही. वजन तोलायचं काम कुणाचं? स्प्रिंगचं. तुम्ही नेहमीच्या सामानासकट बसल्यावर फोर्क किती खाली जातो ते कुणाकडून तरी मोजून घ्या. एकूण प्रवासाच्या पाव ते एक तृतीयांश इतका गेला तर ठीक. त्याहून बराच जास्त जात असेल तर आधी स्प्रिंगवरचा आगाऊ ताण वाढवून बघा, नाही भागलं तर कडक स्प्रिंग. आणि कडक स्प्रिंग टाकलीत, तर ती परत येताना जास्त जोर लावणार. तेव्हा तिला आवरायला थोडं दाट तेल लागू शकतं. तेल स्प्रिंगच्या मागून येतं, पुढून नाही.

(श्रोत्यांतून: ताम्हिणीनंतर तुम्ही गाडीत काय घातलंत?)

मॅन्युअलमध्ये होतं तेच. पातळी सात मिलिमीटर वर ठेवली, वहीत नोंद आहे. ब्रेक मारल्यावर तोंड अजूनही थोडं खाली जातं. सौ. परत मागे बसायला लागल्या, पण निघण्याआधी त्या एकदा विचारतात, "आत काय ओतलंय?" आणि मी सेंटिस्टोकमध्ये उत्तर देतो.